चौरस फूट मोजले, ऊन कोणी मोजायचे?

(द्वितीय वर्ष, कला)

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली त्याच्याजवळ निदान बांधायला जागा असली पाहिजे, असे मला नेहमी वाटत आले आहे. आज आपल्या धुळ्यात घर 'बांधून' पाहणारे कमी होत चालले आहेत आणि 'घेऊन' पाहणारे वाढत आहेत. पाडवा, आखाजी, दसरा आणि दिवाळी या चार सणांच्या आदल्या दिवशीचे वर्तमानपत्र उघडून पाहावे. बातमी शोधावी लागते. 'आजच बुकिंग करा, मॉड्युलर किचन मोफत', 'स्टॅम्प ड्यूटी आमच्याकडे', 'प्रत्येक बुकिंगवर सोन्याचे नाणे' अशा जाहिराती पानभर पसरलेल्या असतात. त्याखाली एका उंच, चकचकीत इमारतीचे चित्र असते. इमारतीपुढे हिरवळ असते, कारंजे असते आणि आकाश असे निळेशार की धुळ्याच्या माणसाने हे कोणत्या गावचे म्हणून विचारावे.

या सवलती आणि आजकालच्या घरांचा घाट यांचा एकमेकांशी संबंध आहे, असे माझे मत आहे. घरासाठी सवलत देणारा जे मोजतो, तसे घर तयार होते. तो चौरस फूट मोजतो, किंमत मोजतो, उत्पन्न मोजतो. धुळ्याचा मे महिना मात्र तो मोजत नाही. म्हणून आपली नवी घरे कागदावर पास होतात आणि उन्हाळ्यात नापास होतात.

घर बांधणाऱ्याला उत्तेजन देण्याची कल्पना धुळ्याला नवी नाही. खरे तर आपले नवे धुळेच अशा उत्तेजनातून उभे राहिले आहे. पुष्कळ जण मोठ्या अभिमानाने सांगतात, की धुळे शहर सर विश्वेश्वरय्यांनी आखले. विश्वेश्वरय्यांविषयी पूर्ण आदर बाळगून सांगावेसे वाटते, की ते १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि उमेदवारीच्या काळात त्यांनी खानदेशात काम केले, पांझरेवर दातर्तीला नळ टाकून पाणी पलीकडे नेले, हे सगळे खरेच आहे. पण नव्या धुळ्याची सुरुवात त्याच्या पासष्ट वर्षे आधी झाली होती.

पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. १८१९ साली धुळ्यात ४०१ घरे होती आणि माणसे होती २,५०९. ब्रिग्जने कचेऱ्यांच्या इमारतींना मंजुरी आणली, लांबलांबून कारागीर बोलावले आणि व्यापाऱ्यांनी येथे येऊन राहावे म्हणून दोन गोष्टी केल्या. घर बांधायला जागा दिली, तीही कायमची, बिनभाड्याची. आणि चांगली भक्कम घरे उभी करता यावीत म्हणून पैसे आगाऊ दिले. हे पैसे बाहेरून येणाऱ्यांनाही मिळाले आणि धुळ्याच्या जुन्या रहिवाशांनाही मिळाले.

ब्रिग्ज काही धर्मात्मा नव्हता. त्याला वसूल हवा होता. वसूल हवा तर बाजारपेठ हवी, आणि पेठ हवी तर व्यापारी हवेत, असा त्याचा सरळ हिशेब असणार. परकी सरकारच्या अधिकाऱ्याची आरती ओवाळण्याचा माझा बिलकूल इरादा नाही. पण त्याच्या हिशेबातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी जागा, मग पैसा. १८७२ साली धुळ्यात घरे झाली २,६२० आणि लोकवस्ती झाली १२,४८९. म्हणजे त्रेपन्न वर्षांत माणसे पाचपट झाली आणि घरे साडेसहापट झाली. पूर्वी एका घरात सरासरी सव्वासहा माणसे राहत, ती पावणेपाचवर आली. त्याच १८७२ साली पांझरेला महापूर येऊन घरांचे फार नुकसान झाले हेही नोंदले पाहिजे, कारण नदीकाठी घर बांधणाऱ्याला नदी काय करील हे कोणतीही सवलत सांगत नाही. आजही जुने धुळे आणि आग्रा रोडकडच्या क्रमांकाच्या गल्ल्या यांतून एकदा पायी फिरले, म्हणजे आपोआप वाढलेले गाव आणि कुणीतरी ठरवून वसवलेले गाव यांतला फरक पायांनाच कळतो.

आता आजच्या सवलतींकडे वळू. त्या पुष्कळ आहेत, आणि एकेकीचे वर्णन करू लागलो तर संपादक मंडळ पाने कापील. २०२० साली टाळेबंदीनंतर राज्य सरकारने घरखरेदीवरचे मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर या काळात तीन टक्क्यांनी आणि २०२१ च्या जानेवारी ते मार्च या काळात दोन टक्क्यांनी कमी केले होते. ती सूट संपली. १ एप्रिल २०२१ पासून घर स्त्रीच्या नावाने घेतले तर शुल्कात एक टक्का सूट मिळू लागली. प्रथम तीत अशी एक अट होती, की ते घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही. २०२३ मध्ये ती अट निघाली. बायको-मुलीच्या नावाने घर घ्यायला नाखूश असणारे आमच्या भागातले भले भले गृहस्थ या एका टक्क्यासाठी राजी होतात. हेतू काहीही असो, दाराच्या पाटीवर नाही तरी दस्तावर तिचे नाव येते. या सवलतीविषयी मी एक अक्षरही वाकडे बोलणार नाही.

दुसरी सवलत व्याजाची. २०१५ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत कर्जाच्या व्याजावर जास्तीत जास्त सुमारे २ लाख ६७ हजारांपर्यंत अनुदान मिळत असे. ती योजना २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद झाली. २०२४ मध्ये शहरी योजनेचा दुसरा भाग आला. त्यात वर्षाला नऊ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाने पस्तीस लाखांपर्यंतचे घर पंचवीस लाखांपर्यंत कर्ज काढून घेतले, तर पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याजाची मदत मिळते. ती एकंदर १ लाख ८० हजारांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत. शिवाय जुन्या करप्रणालीत राहणाऱ्याला गृहकर्जाच्या दोन लाखांपर्यंतच्या व्याजावर आयकरात वजावट मिळते.

या सगळ्याला एक दार आहे, आणि त्या दाराचे नाव पगारपत्रक. प्राध्यापक, कारकून, पोलीस, एस. टी. मधला वाहक या दारातून आत जातात. त्यांनी जावेच. पण माझे वडील सेंट्रिंगच्या कामावर जातात, म्हणजे दुसऱ्यांच्या स्लॅबखाली प्लेटा आणि टेकू लावण्याचे काम करतात. त्यांचा पगार आठवड्याला हातात मिळतो आणि कागदावर कोठेही उमटत नाही. व्याजावरची सवलत ही कर्ज मिळणाऱ्याला मिळणारी सवलत आहे. ज्याला कर्जच मिळत नाही त्याच्या व्याजाचे चार टक्के माफ करणे म्हणजे उपाशी माणसाला जेवणानंतरच्या विड्यावर सूट देण्यासारखे आहे.

बँकेकडे न जाता घर बांधणाऱ्यासाठीही त्याच योजनेत एक शाखा आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्या दुर्बल घटकातल्या कुटुंबाला केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाखांपर्यंत मदत मिळते. पण त्यासाठी जागा स्वतःची आणि कागद चोख हवा. येथे पुन्हा ब्रिग्जचा क्रम आठवतो. त्याने जागेपासून सुरुवात केली होती. आपण जागा गृहीत धरून सुरुवात करतो. ग्रामीण भागात घरकुल मंजूर झालेल्या भूमिहीनांना जागा घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची राज्याची योजना आहे. तीत पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी पूर्वी पन्नास हजार मिळत, पुढे ही रक्कम एक लाख केली गेली. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. मात्र आपल्या शहराच्या कडेला एक लाखात पाचशे फूट कोठे मिळतात याचा शोध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी घ्यावा आणि मिळाल्यास मला कळवावे.

आमच्यासारख्यांच्या घराची आणखी एक तऱ्हा असते, ती कोणत्याच अर्जात मावत नाही. आमची घरे एकदम होत नाहीत. आधी एक खोली होते, वर पत्रा. मग कधीतरी बहिणीचे लग्न आटोपल्यावर पुढची खोली. मग कॉलम उभे राहतात आणि त्यांच्या डोक्यावर गंजलेल्या सळया तशाच आकाशाकडे तोंड करून दहा-पंधरा वर्षे उभ्या असतात. शहराच्या कडेच्या कोणत्याही नव्या वस्तीत नजर वर करून पाहा, या सळया दिसतील. परगावचा माणूस त्याला अर्धवट काम म्हणेल. आम्ही त्याला वरचा मजला म्हणतो. अशा माणसाला खरी सवलत मिळाली ती २२ सप्टेंबर २०२५ रोजी, सिमेंटवरचा जी. एस. टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला तेव्हा. तिला अर्ज लागला नाही, रांग लागली नाही, ओळख लागली नाही. एक गोणी घेणाऱ्यालाही ती मिळाली.

एवढे झाले पैशांचे. आता घरांच्या घाटाविषयी.

देवपुरातून वाडीभोकर रोडने किंवा साक्री रोडने सायकलवर जाताना नवी घरे पाहण्याचा मला छंद आहे. दहा घरे पाहिली की लक्षात येते, की घरमालकाचा जीव 'इलेव्हेशन'मध्ये अडकलेला आहे. पूर्वी घराला दर्शनी भिंत असे, आता इलेव्हेशन असते. त्यात काच असते, स्टीलचे कठडे असतात, उगाच पुढे आलेल्या चौकटी असतात आणि रात्री त्यांतून निळे दिवे लागतात. आत गेलो की पी. ओ. पी. चे छत, गुळगुळीत फरशी, ग्रॅनाइटचा ओटा. स्वयंपाकघरातला ओटा उंच झाला आणि माझ्या आईच्या वयाच्या बायकांचे गुडघे वाचले, ही फार चांगली गोष्ट झाली. त्याबद्दल मी आधुनिकतेचा ऋणी आहे. पण दारापुढचा ओटा गेला तो गेलाच. ज्या ओट्यावर म्हातारी माणसे बसत, पापड वाळत, पाहुणा चपला काढता काढता निम्म्या गोष्टी बोलून घेई, त्याच्या जागी आता मोटारसायकलीसाठी उतार असतो.

खिडक्यांचे पाहा. जुन्या लाकडी खिडकीची दारे पूर्ण उघडत, आणि खालची दोन मिटून वरची दोन उघडी ठेवण्याची सोय असे. वारा येई, ऊन आणि रस्त्यावरची नजर येत नसे. आता सरकत्या काचेची खिडकी आली आहे. ती कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते, कारण एक काच दुसरीच्या मागे जाऊन उभी राहते. म्हणजे खिडकीचे पैसे पूर्ण आणि वारा निम्मा. वर छज्जा असला तर वीतभर. वास्तुशास्त्राप्रमाणे मुख्य दार पूर्वेला केलेले असते, आणि पश्चिमेच्या बाजूला, जेथे चार वाजेपासून सूर्य भिंतीला टेकून बसतो, तेथे शोभेची मोठी काच. वास्तुपुरुष पोटाखाली जमीन घेऊन पालथा पडलेला असतो असे म्हणतात. धुळ्यात त्याच्या पाठीचे काय होत असेल याचा विचार कोणी करत नाही.

कारण ऊन मुख्यतः पाठीवर येते, म्हणजे छपरावर. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हे सांगायला नको. धुळे साधारण २०.९ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या अलीकडे आहे. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि आपली सावली आपल्याच पायाखाली जाते. नेमक्या त्याच दिवसांत पारा ४२, ४३ च्या पुढे असतो. त्या वेळी भिंतींवर ऊन तिरपे लागते आणि छपरावर सरळ. आपण खर्च करतो दर्शनी भिंतीवर आणि सूर्य खर्च करतो छपरावर. चार-पाच इंचांचा काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळी, जेव्हा बाहेर जरा वारा सुटतो, तेव्हा ती उष्णता खाली सोडू लागतो. रात्री अकरा वाजता खोलीच्या छताला हात लावून पाहिला तर तव्याची आठवण येते. पंखा तीच हवा फिरवून फिरवून देतो.

आपल्या भागातल्या लोकांना छपराचे हे महत्त्व पूर्वी कळले होते. साक्रीच्या पश्चिमेला, पिंपळनेरच्या डोंगराकडे पाऊस जास्त, तेथे उतरती कौले. शिंदखेड्याकडे पाऊस कमी आणि ऊन जास्त, तेथे सपाट धाबे. तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर काड्या-फांद्यांचा थर आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे धाब्याचे घर असते. त्या जाड मातीतून दुपारचे ऊन खाली पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री सगळे घर धाब्यावर झोपायला जाते. एकाच जिल्ह्यात चाळीस-पन्नास मैलांत छपराचा घाट बदलत असे. आता पिंपळनेरला आणि शिंदखेड्याला तोच स्लॅब पडतो, आणि पुण्यालाही तोच.

येथे मला आपल्या काही गुरुजनांशी मतभेद व्यक्त करायचा आहे, त्यांनी तो राग न मानता घ्यावा. मातीच्या घरांविषयी व्याख्यान द्यावयाचे आणि संध्याकाळी स्लॅबच्या बंगल्यात जायचे, हे सोपे आहे. धाब्याच्या घरात मी राहिलो आहे. दरवर्षी मृगाच्या आधी धाब्यावर माती टाकावी लागते, ती डोक्यावरून वाहून नेतात बायका. आठवड्याला सारवण, तेही बायकांकडे. चार दिवस झड लागली की घरात जेथे तेथे पातेली मांडावी लागतात. कड्यांच्या फटीत विंचू असतो. वाळवी लागलेले धाबे पावसात खचून माणसे दबल्याच्या बातम्या आपण वाचतो. माझ्या मावशीला गावी घरकुल मिळाले तेव्हा तिने जुने धाबे पाडताना एक टिपूसही गाळले नाही. दोन वर्षांनी मी विचारले, मावशी, नवे घर कसे आहे? ती म्हणाली, "पावसायामा चांगलं से, उन्हायामा भलतं तपस." एवढ्या नेमकेपणाने कोणत्याही अभियंत्याने अहवाल दिला नसता. तिला धाबे परत नको आहे. तिला स्लॅबच हवा आहे, पण न तापणारा.

आणि असा स्लॅब होऊ शकतो. लॉरी बेकर या वास्तुशिल्पज्ञाने केरळात कित्येक घरांच्या स्लॅबमध्ये खालच्या बाजूला जुनी मंगलोरी कौले घातली. स्लॅबच्या खालच्या भागातले काँक्रीट भार उचलण्याच्या फारसे कामाचे नसते, त्या जागी कौल बसले की काँक्रीट वाचते, खर्च कमी होतो आणि कौलांतल्या पोकळीमुळे उष्णताही अडते. वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "ठेकेदार कबूल झाला पाहिजे, प्लेटांवर कौले मांडायला एक दिवस जास्त जाईल." म्हणजे अडचण आहे ती एका दिवसाच्या मजुरीची, विद्येची नाही. तेवढेही नको असेल तर स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा करून वर फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवता येतात. तेही परवडत नसेल तर दर फाल्गुनात गच्चीवर चुन्याचे दोन हात मारावेत. पांढरा रंग ऊन परतवतो, हे सातवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण सगळे शिकलो आणि गच्ची मात्र काळीच ठेवली.

मग हे होत का नाही? कारण कोणतीही सवलत त्याविषयी विचारत नाही. ग्रामीण घरकुलाचे निकष पाहा. स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. मूळ मदत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, डोंगराळ व दुर्गम भागात १ लाख ३० हजार. राज्याने २०२५ मध्ये त्यात वाढ जाहीर केली. हप्ते बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे. पाया झाला, फोटो काढा. छपराला लागले, फोटो काढा. फोटोत स्लॅब दिसतो, त्याचा ताप दिसत नाही. केंद्राच्या ग्रामीण विकास मंत्रालयाने वेगवेगळ्या प्रदेशांच्या हवामानाला आणि साहित्याला जुळतील अशा घरांच्या नमुन्यांचा 'पहल' नावाचा संग्रहही काढलेला आहे. पण नमुना पाळला काय किंवा न पाळला काय, हप्ता तोच मिळतो. मग गवंड्याला जे येते ते तो करतो.

शहरी योजनेत एक अट अशी आहे, की अर्जदाराच्या कुटुंबाजवळ देशात कोठेही 'पक्के' घर नसावे, आणि पक्के घर म्हणजे सर्व ऋतूंत राहण्याजोगे घर. व्याख्या वाचून मला फार आनंद झाला. सर्व ऋतूंत उन्हाळा येतो की नाही? पश्चिमेच्या काचेचे, छज्जा नसलेले, वरच्या मजल्यावरचे घर वैशाखात रात्री दोनपर्यंत राहण्याजोगे नसेल, तर या व्याख्येप्रमाणे धुळ्यातले कित्येक लाखोंचे फ्लॅट कच्चे ठरतील. पण आपण पक्केपणाची परीक्षा फक्त पावसाच्या पेपरात घेतो.

घराच्या उष्णतेविषयी सरकारचे काहीच नाही असेही नाही. २०१८ च्या डिसेंबरात 'इको निवास संहिता' नावाची निवासी इमारतींसाठीची संहिता आली. भिंतीतून आणि छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तीत घातलेली आहे. मात्र ती आहे ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या इमारतींसाठी. ५०० चौरस मीटर म्हणजे ५,३८० चौरस फूट. आमच्या गल्लीतली किती घरे त्यात बसतील याचा हिशेब मी करत होतो, पण वही संपली. तेलंगण राज्याने एप्रिल २०२३ मध्ये थंड छपरांचे धोरण जाहीर केले. खानदेशापेक्षा तेथला उन्हाळा अधिक शहाणा आहे असे मानायला जागा नाही.

यावर माझा एक वाणिज्य शाखेतला मित्र म्हणतो, की हप्त्यावर ए. सी. मिळतो, एवढे रडायचे कशाला? ए. सी. घेणाऱ्याने घ्यावा. पण घराचा हप्ता, ए. सी. चा हप्ता आणि विजेचे बिल ही तीन बिले एकाच पगारातून जातात, आणि ए. सी. खोलीतली उष्णता बाहेर गल्लीत फेकतो, जेथे पत्र्याखाली दुसरे कोणी झोपलेले असते. शिवाय पूर्वी घर तापले तर माणसे धाब्यावर जाऊन निजत. अपार्टमेंटमध्ये गच्ची सर्वांची असते, म्हणजे तिच्या दाराला कुलूप असते आणि किल्ली चेअरमनकडे असते. परीक्षेच्या दिवसांत रात्रीचा अभ्यास कोठे करावा हा प्रश्न आमच्या वर्गात निम्म्या मुलामुलींना पडतो. आमच्या परीक्षा एप्रिल-मे मध्ये असतात. मुलगे बसस्थानकावर किंवा रस्त्याच्या दिव्याखाली जाऊन बसतात. मुलींना तेही शक्य नाही. गुणपत्रिकेत याचा रकाना नसतो.

म्हणून माझी मागणी लहान आहे. घरासाठी द्यावयाच्या कोणत्याही मदतीच्या अर्जात, किंमत आणि चौरस फूट यांच्या शेजारी छपराचा एक रकाना असावा. छपरावर पांढरा थर आहे का, स्लॅबमध्ये कौल आहे का, खिडकीवर निदान दोन फूट छज्जा आहे का, पश्चिमेला सावली आहे का? असेल तर मदतीचा शेवटचा हप्ता थोडा मोठा मिळावा. मोफत मॉड्युलर किचन देणाऱ्या बिल्डर मंडळींनीही विचार करावा. सोन्याच्या नाण्याच्या किमतीत एका गच्चीला चुना लावून पुष्कळ पैसे उरतील. आणि महापालिका घरपट्टीत जशी इतर कारणांसाठी सूट देऊ शकते तशी पांढऱ्या गच्चीसाठी देऊ शकली, तर मार्चमध्ये चुना मिळणार नाही इतका खपेल.

सरकारने ऐकेपर्यंत आपण काय करायचे? आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दर हिवाळ्यात एका खेड्यात भरते. शोषखड्डे खणले जातात, प्रभातफेरी निघते, शेवटच्या दिवशी पाहुणे येतात. यंदा त्यात एक काम वाढवावे अशी प्राचार्यांना आणि कार्यक्रम अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. गावातली तीन घरे निवडावीत, एक धाब्याचे, एक पत्र्याचे आणि एक घरकुलाचा स्लॅब. शेजारचा आणखी एक स्लॅब घेऊन त्याच्या गच्चीवर चुन्याचे दोन हात मारावेत. मग मे महिन्यात आमच्यापैकी चौघांनी भूगोल विभागाचे थर्मामीटर घेऊन तेथे जावे आणि दुपारी दोन, संध्याकाळी सात, रात्री अकरा अशी आठ दिवस नोंद करावी. चौघांत एक मी आहे. घरकुलासाठी मावशीचे घर मिळेल, तिला मी विचारून ठेवले आहे. चुन्याच्या दोन गोण्या आणि सहा कुंचे यांचा खर्च विद्यार्थी निधीतून व्हावा. थर्मामीटर मात्र विभागाने देताना नीट तपासून द्यावेत, कारण कपाटातल्यांपैकी एकाचा पारा तुटलेला आहे.